सोमवारचं पाणी

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष माननीय प्राचार्य साहेब, व्यासपीठावर बसलेले संस्थेचे सन्माननीय सचिव, पुढच्या आठवड्यापासून मॅडमचा वर्ग घेणारे नवे सर, सगळे प्राध्यापक, ऑफिसातली मंडळी, विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आणि फुलांच्या मागे बघायची आम्हाला सवय नाही, तरी आज तिथेच बसलेल्या आमच्या जीवशास्त्राच्या मॅडम, सगळ्यांना माझा नमस्कार.

मी प्रयोगशाळेतला शिपाई. ऑर्डरीत ‘परिचर’ लिहिलंय, पण हाक शिपाई म्हणूनच येते. शाळा नववीत सुटली. घरापासून इतक्या लांब ही माझी चौथी नोकरी. आई म्हणते, तुझ्या पायाला भिंगरी आहे. इथे दोन वर्षं टिकलो ते मॅडममुळे. हेडक्लार्क म्हणाले, “दोनच मिनिटं बोल आणि चांगलं बोल.” चांगलं बोलतो. मिनिटांचं बघू.

प्रत्येक जिवाच्या पेशीत त्याची आख्खी पोथी असते, तिला जीनोम म्हणतात आणि ती आता वाचता येते, हे मला बाटल्या धुताना मॅडमनी सांगितलं. ती पोथी पोरांनी चित्रात नाही, स्वतःच्या हाताने वाचायला शिकावी, हा त्यांचा हट्ट. त्यासाठी कॉलेजने त्यांना दोन दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं. तिथून काय आणलं? एक फाईल, एक सर्टिफिकेट, एक ग्रुप फोटो. याला मदत म्हणायची का हो? काठावर दोन दिवस हात हलवायला लावले आणि तिसऱ्या दिवशी विहिरीत ढकललं!

प्रयोग असा. तळ्यातले जीवाणू आणायचे, त्यांच्या डीएनएच्या भरपूर प्रती काढायच्या, मग जेल म्हणून जेलीसारखा थर असतो, त्यावर त्यांची पट्टी उमटते. आमच्याकडे पट्टीच उमटेना. वर्षभर कोरं. एक पोरगा म्हणाला, “मॅडम, आपले जीवाणू निरक्षर आहेत का?” सगळे हसले, मॅडमही हसल्या. पोरं गेल्यावर मात्र स्टुलावर बसून तीच फाईल पुन्हा पहिल्या पानापासून. “माझंच कुठेतरी चुकतंय,” म्हणायच्या. ट्रेनिंगवाल्यांना विचारलं, तर “कृती नीट वाचा.” इथल्या सरांना विचारलं, तर “तरी सांगत होतो, नसत्या भानगडीत पडू नका.” ते सर कोण, ते सांगत नाही. त्यांनी आत्ताच मान खाली घातली.

आता माझं सांगतो. शनिवारी दुपारी दोनला प्रयोगशाळेचा मेन स्विच बंद करायचा, अशी लेखी ऑर्डर आहे. विजेची बचत. मी एक शनिवार चुकवला नाही. सोमवारी सातला येऊन चालू करायचो. फ्रीझरखाली पाणी असायचं. मशीन जुनं, गळत असेल म्हणून पुसून घ्यायचो. मॅडम दहाला यायच्या, तोवर फरशी कोरडी आणि आत सगळं पुन्हा गोठलेलं. सचिव साहेबांनी एकदा माझी पाठ थोपटली होती, “फरशी म्हणजे आरसा!”

एका सोमवारी माझी बस चुकली. पोचलो तर मॅडम ओल्या चपलांनी उभ्या.

“हे पाणी कुठलं रे?”

“काही नाही मॅडम, सोमवारचं आहे.”

“सोमवारचं म्हणजे?”

“दर सोमवारी असतं. मी पुसतो.”

मॅडमनी फ्रीझरचं दार उघडलं. प्रती काढायचं औषध त्या फ्रीझरमध्ये. दर आठवड्याला वितळून मेलेलं. मला वाटलं, आता माझी काही खैर नाही. त्या एवढंच म्हणाल्या, “दोन शनिवार स्विच विसरशील का?” विसरलो. नवं औषध आणलं आणि पट्टी उमटली! पोरांनी बाकं वाजवली.

पण तोवर, पट्टी का उमटत नाही ते बघायला कॉलेजने नेमलेल्या समितीचा अहवाल गेला होता, ‘विषय या विद्यार्थ्यांना झेपत नाही.’ मॅडम पट्टीचा फोटो घेऊन समितीपुढे गेल्या, तरी तो कुणी बदलला नाही. फ्रीझरला वेगळी लाईन द्या, हा मॅडमचा अर्ज पाच महिने विचाराधीन आहे. किती विचार करायचा एका वायरीचा? प्राचार्य साहेब, घड्याळ दाखवू नका, उरकतो.

काल नवे सर त्याच दोन दिवसांच्या ट्रेनिंगहून आले. मला बाजूला घेऊन म्हणाले, “काय रे, मॅडमचं नक्की काय चुकायचं?” सर, उत्तर सगळ्यांसमोर देतो. काहीच चुकत नव्हतं. तुमचंही चुकणार नाही. पण अडलं तर फाईल उघडायच्या आधी मला हाक मारा, आणि ती वायर आल्याशिवाय वर्ग सुरू करू नका.

तुम्ही इतका वेळ ऐकून घेतलंत, आभारी आहे. शेवटी चुकल्यामाकल्याची माफी मागायची असते. साहेब, तुमची आज मागत नाही, बोलावलंत तर ऑफिसात येऊन मागेन. मॅडम, तुमची मागतो. औषध कुणामुळे वितळलं, असं समितीने खोदून खोदून विचारलं तेव्हा तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत. म्हणून आज मीच घेतलं.