सहाबोट्यांचं परत आलेलं बोट

लटारू : पुडीत काय आहे, बुधरी?

बुधरी : हळद.

लटारू : हळदीची पुडी इतकी चपटी? उघड.

बुधरी : बाळंतिनीचं औषध आहे, लटारूभाऊ. बाप्या मानसानं पाहू नाई.

लटारू : अकरा दिवस झाले पोट्टीले. आजपावतो तुह्यं औषध मडक्यात येत होतं, आज पुडीत आलं. अन् उद्या बारसं. उघड म्हनतो न!

कमळा : आबाजी, येऊ द्या तिले आत. मीच बोलावलं.

लटारू : तू बोलावलं? अन् हे काय निघालं? केस! घोड्याचा केस!

बुधरी : जंगल नाकेदाराच्या घोड्याच्या शेपटीचा आहे. चिवट आहे. बोटाच्या बुडाले गाठ मारली का आठ दिवसात वाळून पडते. रगत नाई, काही नाई.

लटारू : नाकेदाराचं ते घोडं? आपला जिल्हा मध्यप्रदेशात होता तेव्हापासून लंगडते, आता मुंबई राज्यात आला तरी लंगडतेच. त्याच्या केसानं बोट पडन का आनखी एक उगवन?

कमळा : हासू नका, आबाजी. मले ते बोट नाई पाहिजे पोरीच्या हाताले.

लटारू : तू काय म्हनून राह्यली तुले समजते का, कमळा? सहाबोटे आडनाव आपलं. बजारात गेलं का लोक म्हनत, सहाबोटे म्हनवता, मंग दाखवा न सहाव्वं बोट! माह्या हाताले पाच. माह्या वारलूच्या हाताले पाच. वारलूचा गुणवंता, तुहा नवरा, त्याच्याही हाताले पाचच. तीन पिढ्या आडनाव असं बिनकपड्याचं हिंडलं. अन् अकरा दिवसाआंधी ही पोट्टी आली ते डाव्या करंगळीच्या बाजूले आनखी एक बोट घेऊन. मी चार गावात सांगावा धाडला. उद्या छकडे भरभरून सहाबोटे येऊन राह्यले बोट पाहाले. अन् तू त्याले केस बांधतं?

कमळा : ते पाहाले येऊन राह्यले म्हनूनच आज बांधाचा आहे.

बुधरी : आज बांधला तरी उद्या पडनार नाई, बाई.

कमळा : गाठ तर दिसन. गाठ दिसली का काढून राह्यले म्हनून पुढचं कोनी इचारत नाई.

लटारू : तुले वाघाची गोठ सांगतली होती का मी?

कमळा : तीन डाव.

बुधरी : मले नाई सांगतली.

लटारू : बस मंग. आपला मूळपुरुष चांद्याच्या गोंडराजाचा शिकारी. हाताले सहा बोटं. एक दिवस झुडपातून वाघ निघाला अन् त्यानं हातच धरला. आता हा वाघ साधा नव्हता. राजाच्या पिंजऱ्यातून पळालेला, चार मानसात राह्यलेला. त्याले पाचापर्यंत मोजनं येत होतं. बसला निवांत अन् एक एक बोट मोजून खाल्लं. एक, दोन, तीन, चार, पाच. झाला हात, असं म्हनून तोंड चाटत चालता झाला. सहाव्वं राह्यलं! त्या एका बोटानं मानसानं सारी उमर धनुष्य ओढलं. राजा खूश झाला, आडनाव देलं, सहाबोटे.

बुधरी : एकच राह्यलं तर एकबोटे देलं पाहिजे होतं.

लटारू : मोठा राजा होता, बुधरी. गेलेल्या बोटायलेही विसरत नव्हता.

कमळा : अन् मास्तरले सांगतलं तेव्हा तो शिकारी नव्हता, तलावाची पाळ बांधत होता. पाटलाले सांगतलं तेव्हा हत्तीवर बसत होता.

लटारू : मानसाचं काम बदलत नाई का? गुणवंता पहिले गुरं चारत होता, आता सिंदेवाहीच्या सरकारी फारमावर धानाच्या लोंब्यायले कागदाच्या पिशव्या बांधते. त्यानंच मले समजावलं. दोन जातीचं धान एकात मिळवलं का एकाचा गुन कधी कधी लपून बसते. पेरा, कापा, दिसत नाई. अन् मंग एका साली धानाच्या बांधीत अचानक उभा राह्यते. तसंच हे बोट. तीन पिढ्या लपून होतं, आता निघालं.

कमळा : त्यायनं मलेही सांगतलं ते. पन आनखी एक सांगतलं. गुन कोन्या बाजूनं आला हे पाहाचं असन तर दोन्ही धान पाहा लागते. तुम्ही एकच पाह्यलं, आबाजी.

लटारू : म्हंजे?

कमळा : हा माहा डावा हात. थांबा, काकनं सरकवते. हे करंगळीच्या बाजूले, इथी, तिळासारखं. दिसलं?

लटारू : तू तर इळा लागला म्हनत होती.

कमळा : इळा नाई लागला. मी आठ दिवसाची होती तेव्हा मायनं केस बांधला. माह्या मायलेही होतं. तिच्या बापालेही होतं, तो पुरुष, त्याचं कोनी काढलं नाई. तुम्ही मले पाहाले आले तेव्हा माय म्हने, पानाचं ताट डाव्या हातानं खालून धर. मी धरलं. तुम्ही ताटाकडं पाह्यलं, माह्या तोंडाकडं पाह्यलं, हात कोनीच पाह्यला नाई.

बुधरी : मी पाह्यला. कळा देत होती तेव्हा खाट धरली होती तिनं. मी चूप राह्यली.

कमळा : हे बोट सहाबोट्यायचं नाई, आबाजी. माह्या मायच्या माहेरचं आहे. उद्या तुम्ही साऱ्यायसमोर पोरीचा हात उचलान. माही एखादी मावशी म्हनन, अगो, हे तर आमच्या घरचं! चार गावात तुमचं हासं होईन. अन् सासूबाई म्हनतीन, बोट लपवून पोरगी देली. तुमच्या पाया पडते, बांधू द्या तो केस.

(लटारू केसाची पुडी खाली ठेवतो.)

बुधरी : बाई, पानी आन. भाऊ चूप बसला. साऱ्या उमरीत पहिल्यांदा पाहून राह्यली मी.

लटारू : पानी नको. बस, कमळा. बोट तुह्यं आहे म्हनतं न? मंग आईक. आडनाव माह्यं नाई.

कमळा : आनखी एक गोठ?

लटारू : नाई बाई. ह्याच्यात वाघ नाई.

कमळा : सांगा.

लटारू : छप्पन्नाचा दुकाळ होता, संवत छप्पन्नाचा, इंग्रजाच्या राज्यातला. मी तीन वर्साचा असन. सरकारनं सडकेचं काम काढलं होतं, खडी फोडाचं. कुठून कुठून मानसं आली होती, वैनगंगेच्या तिकूनही. माहे मायबाप त्यायच्यातले. कोन्या गावचे, कोन्या जातीचे, मले काय ठाऊक. पटकीनं गेले म्हनत. मी तिथीच हिंडत होतो गोट्यायच्या ढिगात. झिंगू सहाबोटे खडी फोडत होता. त्याले लेकरू नव्हतं. उजव्या हातात हातोडा, डाव्यानं गोटा दाबून धरला. पाच बोटं गोट्यावर. सहाव्वं रिकामं होतं, बाजूले लटकून. मी गेलो अन् तेच धरलं.

कमळा : मंग?

लटारू : मंग सोडलंच नाई, म्हने. मुकादम ओरडला, झिंगूनं हातोडा खाली ठेवला नाई. एका अंगानं गोटे फोडत राह्यला, एका अंगाले मी लटकून. सांजेले तेच बोट धरून ह्या घरी आलो. त्या दिवसापासून मी लटारू झिंगू सहाबोटे.

कमळा : घरी कोनालेच ठाऊक नाई?

लटारू : जुन्यायले ठाऊक होतं. ते एक एक करून गेले. मंग नवे लोक इचाराले लागले, सहाव्वं बोट कुठी आहे तुह्यं? मी वाघ काढला, हत्ती काढला, राजा काढला. मी तोंड चालू ठेवलं का लोक तोंडाकडं पाहात, हाताकडं नाई. तू ताट खालून धरलं, मी गोठ वरतून धरली.

बुधरी : मले ठाऊक होतं, भाऊ.

लटारू : काय?

बुधरी : माह्या मायनं सांगतलं होतं. तू आला तेव्हा अंगावर काहीच नव्हतं. पहिलं फडकं तिनं देलं तुले.

लटारू : अन् तरी वाघाची गोठ मुकाट्यानं आइकली?

बुधरी : गोठ चांगली होती.

कमळा : म्हंजे तुमच्यापाशी आडनाव होतं, बोट नव्हतं. अन् माह्यापाशी बोट होतं...

लटारू : अन् ही पोट्टी दोन्ही घेऊन आली. आता बांध केस, बांधाचा असन तर.

कमळा : पन पोरगी आहे न ती, आबाजी. पोट्टा असता तर मी इतकी भेली नसती. उद्या मोठी होईन, तिले पाहाले येतीन. तिनंही ताट खालून धराचं का?

लटारू : तुह्या मायचं तोडलं, थांबलं का? तुह्यं तोडलं, थांबलं का? बुधरी, तू सांग. किती बांधले आजवर?

बुधरी : सतरा.

लटारू : मंग?

बुधरी : बोट पडते. गुन नाई पडत. एका घरी तर मायले बांधला, लेकीले बांधला, नातीच्या वक्ती पुडी घेऊनच गेली मी.

लटारू : हे पाहाय कमळा, साऱ्या चांदा जिल्ह्यात तुह्या पोरीले कोन्याही घरी लोक म्हनतीन, हे काय बाई, सहा बोटं? एकाच घरी नाई म्हननार. तिले नावच तसं आहे. पाहुने आले तर हात समोर करन अन् म्हनन, सहाबोट्यायची पोरगी आहो, मोजून घ्या. तुले एवढ्या मोठ्या जिल्ह्यात नेमकं हेच घर भेटलं. मी एवढ्या गोठी रचल्या, पन अशी मलेही सुचली नसती.

कमळा : अन् लगन झाल्यावर? तेव्हा आडनाव तर इथीच राहीन तिचं.

लटारू : राहू दे. बोट तर संगं नेईन न. आडनावाले सवय आहे बिनबोटाची राहाची.

कमळा : उद्या पाहुन्यायले काय सांगान?

लटारू : खरं सांगन.

बुधरी : तू?

लटारू : मीच. बोट कमळाच्या मायच्या माहेरचं, आडनाव झिंगूचं, अन् मी दुकाळात सापडलेला. सारं सांगतो. कोन मानते? म्हनतीन, बुढ्यानं नातसुनेची लाज राखाले नवी गोठ जोडली. तुही मावशी बोलली तरी तिलेही माह्याच संगं थापाड्यायत बसवतीन. सारी उमर थापा मारल्या, त्याचा काही तरी उपेग व्हाले पाहिजे का नाई?

कमळा : सासूबाई मानतीन?

लटारू : वच्छलेले मी आज सांजेलेच सांगतो. ते पहिले रडन, मंग म्हनन, मले पहिलेच काऊन नाई सांगतलं. अन् मंग तुह्या पोरीच्या सहा बोटायले सहा आंगठ्या करू म्हनून साऱ्या गावाले तेच सांगत फिरन.

बुधरी : मंग ह्या केसाचं काय करू मी? लंगड्या घोड्यामांगं अर्धा दिवस पळाली.

कमळा : पाळन्यावर कागदाची चिमनी बांधाची आहे. आन इकडं, त्याले कामी येईन.

बुधरी : पोट्टी जागी झाली, बाई.

कमळा : आबाजी, घ्या न तिले.

लटारू : मी घेऊ?

कमळा : अकरा दिवस साऱ्या गावाले दाखवून राह्यले. एक डाव तरी हातात धरलं का ते बोट?

लटारू : नाई धरलं. भेव वाटत होतं.

कमळा : कायचं?

लटारू : ठाऊक नाई. आन. हात सोडव दुपट्यातून. कशी मूठ आवळून आहे पाहाय. उघड माय, उघड. मी वाघ नाई. एक. दोन. तीन. चार. पाच.

बुधरी : थांबला काऊन, भाऊ?

लटारू : ह्या घरात माही मोजनी इथीच थांबत आली, बुधरी.

कमळा : मंग समोरचं मी मोजते, आबाजी. तुम्ही धरून ठेवा. सहा.