ठिपक्यायचं पुस्तक

...अन् वरून म्हनतात काय, तर मले सारं दिसते. आता तुमीच सांगा बाया हो, ज्याले सारं दिसते त्यानं बाजूनं चाललेल्या म्हशीले धडकावं काऊन? आमच्या यायचं, घरधन्यायचं, जैनथात मिरची खरेदीचं दुकान, लाल मिरची लांबूनच पारखनार हा मानूस, अन् औंदा ज्याचं त्याचं पोतं उघडलं का "फिकी हाय, फिकी हाय", सारे शेतकरी चिडून दुसऱ्याच्या दुकानी. म्या म्हनलं, डोये दाखवा. तर नाई. मले सारं दिसते.

शेवटी आदिलाबादले नेलं ओढत. डॉक्टरीनबाई तेलुगू, पन हिंदीत गोड बोले. समोरचे बारीक अक्षरं यायनं घडाघडा वाचले, अन् माह्याकडे असं पाह्यलं का मीच आंधयी. मंग तिनं रंगीत ठिपक्यायचं पुस्तक काढलं, ठिपक्यात आकडा लपलेला. "नंबर बोलो." आता तुमाले सांगते, आमच्या घरची रीतच अशी... तहसीलात जा, बँकेत जा, यायले नाव जरी इचारलं तरी हे माह्याकडे पाह्यतात अन् सांगते मी. इथंई तेच. हे वयले माह्याकडे, म्या मागून हळूच म्हनलं, चौऱ्यात्तर. हे म्हने, चौऱ्यात्तर. दुसऱ्या पानावर सहा. हे म्हने, सहा, मले सारं दिसते. डॉक्टरीननं पुस्तकच मिटलं. "अम्मा की आँख बहुत अच्छी है. अम्मा, मीरू माट्लाडकंडी." म्हंजे तुमी बोलू नका.

पदर तोंडात कोंबला म्या. पान उघडलं, त्यात आठ, ढळढळीत आठ, अन् हे पाहून राह्यले, पाहून राह्यले... "ठिपके हायेत," म्हनाले. मंग तिनं बाटलीचं लाल झाकन धरलं. समोर लाल. बाजूले नेलं तर म्हनतात, इटलं. दोन्ही डोयायच्या बाहेरच्या अंगाले इटलं. स्कॅन काढला, तर नाकाच्या मागं, मेंदूच्या खाली बोराएवढी गाठ, डोयायच्या नसा दाबून राह्यली. आदी लाल रंग जाते म्हने, मंग राह्यलेलं सारंच जाते, गाठ काढाच लागन. मी तर भिंतीले टेकून बसली, अन् हे काय म्हनतात? मले सारं दिसते.

हैदराबादले नाकातून काढली गाठ. मंग पुन्हा आदिलाबाद, पुन्हा तेच पुस्तक. यावेळी मी आपली दाराबाहेरच उभी. आतून आवाज आला, "आठ." मंग "चौऱ्यात्तर." कोनी सांगितलं नाई बाया हो, कोनीच नाई. तिथंच रडली मी, लोकं पाह्यत होते तरी रडली.

हे बाहेर आले, माह्या तोंडाकडे टक लावून उभे. मले वाटलं, आता तरी काही गोड बोलन हा मानूस...

"एवढं लालभडक कुकू कवापासून लावाले लागली वं?"

लग्नापासून हेच कुकू लावून राह्यली ना मी! पन आता बारीक लावते. करता काय, यायले सारं दिसते.