तिसरी हाक

आजच्या सत्कार सभेचे अध्यक्ष माननीय आबाजी, 'नको नको' म्हणत असताना आम्ही मधल्या खुर्चीत बसवलेल्या आदरणीय गौराबाई, म्हणजे आमच्या काकी, मंडळाचे सर्व पदाधिकारी, कर्जत, नेरळ आणि खालापूरहून आवर्जून आलेले पाहुणे, डोंगरावरच्या वाडीवरून उतरून आलेली आमच्या दशरथची माणसं आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून भिंतीला टेकून उभे असलेले माझे गाववाले, सर्वांना माझा नमस्कार.

मी समिधा. 'उद्या सुट्टी' या आमच्या चित्रपटाची गोष्ट मी लिहिली. मघाशी माझी ओळख करून देताना 'लेखिका आणि दिग्दर्शिका' असं म्हटलं गेलं. दिग्दर्शन योगेंद्रचं आहे, माझं नाही. सत्काराच्या वेळी एवढं बारीक कोण बघतं, असं तुम्ही म्हणाल. पण शाळेत जायच्या आधी मला घरी आजोबांनी शिकवलं, आणि त्यांच्यापुढे चुकलेलं वाक्य तसंच टाकून पुढे जाता येत नसे. तेव्हा हे आधी नीट करून घेते.

पुष्कळांनी चित्रपट अजून पाहिलेला नाही, म्हणून गोष्ट थोडक्यात सांगते. चार मित्र टोलनाक्याजवळ वडापावची गाडी लावतात. एके दिवशी बातमी येते की आज सूर्य मावळला की जग संपणार. मुंबईची माणसं जीव वाचवायला पुण्याकडे निघतात, पुण्याची मुंबईकडे, आणि दोन्हीकडची नाक्यावर अडकून पडतात. आमच्या चौघांचा धंदा असा कधी झालेला नसतो. जग बुडायला आलेलं, आणि गाडीची काच खाली करून एक बाई विचारते, "भाऊ, तेल कालचं नाही ना?"

हसलात, बरं वाटलं. लोकांनी हसावं म्हणूनच आम्ही तो केला होता. शेवटच्या घटकेला चौघं मित्र भांडतात ते मरणावरून नाही, उरलेली भजी कोणी खायची यावरून. मग अंधार होतो. तिघं मरतात. एक उरतो.

हे उरण्याचं काम कोणालाच नको होतं. योगेंद्र, दशरथ, साईनाथ आणि मी, आम्ही चौघंही पडद्यावर आपापल्याच नावानं होतो. मरणाऱ्या तिघांच्या वाट्याला सगळे विनोद आले होते, उरणाऱ्याला फक्त टेकाडावर उभं राहून मित्रांना हाका मारायच्या होत्या. साईनाथच्या आईच्या, म्हणजे काकींच्या अंगणात बसून आम्ही वाटणी करत होतो. दशरथ म्हणाला, "सायन्या, तूच जग. तुला पवता येतं."

"नका रं मला जगवू," साईनाथ म्हणाला. "शेवटाला बोलू कुनाशी मी? कंटाळून मरंन."

"मंग बरंच हाय. पिच्चरला अजून एक मयत."

काकी चुलीजवळून ओरडल्या, "मेल्यांनो, तिन्हीसांजेचं दुसरं काय सुचत नाय का बोलायला?" आम्ही अजून हसलो. आणि साईनाथ उरला.

सभागृहातल्या प्रत्येकाला पुढचं माहीत आहे. तरी पाहुण्यांसाठी सांगायला हवं. गेल्या पावसात धबधब्यावर आलेली काही मुलं वाहून चालली होती. आपल्याकडे अशा वेळी कोणाला बोलवावं लागत नाही, दोर घेऊन पोरं आधी पोचतात. साईनाथही पोचला. ती मुलं बाहेर आली. साईनाथ आला नाही.

आम्ही नदीच्या काठानं त्याला हाका मारत खाली खाली जात होतो. पाण्याचा आवाज एवढा, की आपलीच हाक आपल्याला ऐकू येत नव्हती. मी हाक मारायची आणि थांबायची. थांबल्यावर त्याची ओ ऐकू यायला हवी होती. दुसऱ्या दिवशी तो बराच खाली सापडला.

त्यानंतर काही आठवड्यांनी चित्रपटाला महोत्सवात बक्षीस मिळाल्याचं कळलं. परीक्षकांनी शेवटाचं फार कौतुक केलं होतं. एकटा माणूस, रिकामं टेकाड, हाका आणि शांतता.

काकींनी तोवर तो पाहिला नव्हता. त्या स्वतःहून आमच्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "दाव मला." आईनं चहा ठेवला. मी लॅपटॉप उघडला. वडापावच्या गाडीवर साईनाथ दिसला तेव्हा त्या पुढे सरकून बसल्या. भज्यांच्या भांडणाला हसल्यासुद्धा, खरंच हसल्या. मग शेवट आला. साईनाथनं हाका मारल्या, "योग्याऽ! दशऱ्याऽ! समेऽ!" थांबला. पुन्हा तीच नावं घेतली. आणि पडदा काळा झाला.

काकी मला म्हणाल्या, "तुमी तिघांनी सोताला मारलंत. जित्या मानसाच्या मरनाची खोटी बातमी उठली की त्याचं आयुष्य वाढतं. तुमचं वाढलं. माझ्याच पोराला का नाय गं मारलंत?"

अध्यक्षमहाराज, गोष्ट मीच लिहिली होती.

पण त्या तेवढ्यासाठी आल्या नव्हत्या. त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाल्या, "तिसरी कुठं गेली?"

मला कळेना.

"तिसरी हाक गं. दोन हाकांवर थांबेल का तो?"

इथे पाहुण्यांसाठी एक गोष्ट सांगते, गाववाल्यांनी कंटाळू नये. आमच्याकडे अंधारातून कोणी नावानं हाक मारली, तर पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. दुसऱ्याही हाकेला देत नाहीत. तिसरी आली, तर माणूस आहे असं समजायचं आणि ओ द्यायची. जे माणूस नसतं, त्याला तिसरी हाक मारता येत नाही. आम्ही शिकलेली मुलं याला हसतो, आणि अंधारात दोन हाका जाऊ देतो.

तिसरी हाक मी लिहिली होती. साईनाथनं ती मारलीही होती. पण महोत्सवात ठरावीक वेळेपेक्षा लांब चित्रपट घेत नव्हते, म्हणून शेवटून थोडं कापावं लागलं. कापताना आम्ही लांबी बघत होतो, हाका मोजत नव्हतो. तेव्हा साईनाथही बाजूला बसलेला होता, त्याच्याही ध्यानात आलं नाही.

काकी म्हणाल्या, "दोन हाका मारून तो तिथंच उभा हाय बघ. लोक बघतात आनि उठून जातात. भूत करून ठेवलात तुमी त्याला."

मी योगेंद्रकडे गेले. तो आधी तयार नव्हता. "बक्षीस मिळालंय त्याच शेवटाला, समे. आता हात लावायचा?" असं म्हणाला खरं, पण म्हणता म्हणताच तो जुनं चित्रण शोधायला लागला होता. सापडलं. साईनाथ तिसऱ्यांदा आमची नावं घेतो. मग खूप वेळ काहीच नाही. मग कॅमेऱ्यात बघून म्हणतो, "द्या की रं ओ कुनीतरी, भूक लागलीय." आणि योगेंद्रचा आवाज येतो, "कट."

ओ कोणीच दिलेली नाही. तेव्हा आम्ही तिघं कॅमेऱ्यामागे तोंड दाबून हसत होतो.

आम्ही ते काकींना दाखवलं. त्यांनी पदरानं लॅपटॉपचा पडदा पुसला. म्हणाल्या, "हे लावा. समद्यांसमोर लावा. आनि या टायमाला त्याला ओ द्या."

दशरथ म्हणाला, "काकी, तुमीच द्या. तुमचा मान."

"मला कुठं बोलावलंय त्यानं? तुमची नावं घेतलीत. नदीवर तुमी बोलावलंत तवा तो आला नाय. आता तो बोलावतोय, तर तुमी तरी बोला."

आता आबाजींची क्षमा मागून पुढचं सांगते. आबाजींचा या गोष्टीला विरोध होता, आणि तो त्यांनी पाठीमागे नाही, बैठकीत सगळ्यांसमोर सांगितला. ते म्हणाले, "गेलेल्याच्या हाकेला ओ देऊ नये. देनारा त्याच्या मागून जातो. तरनीताठी पोरं तुमी, एक गेला तेवढा पुरे." दशरथनं त्यांना सांगितलं, "आबाजी, मी डोंगरावरचा. भुतांची वळख मला जास्त. सायन्या भूत होऊन आला तरी आदी चटनी मागंल." बैठक हसली, आबाजीही हसले. पण त्याच संध्याकाळी दशरथच्या आजीनं त्याच्या दंडाला काळा दोरा बांधला, आणि त्यानं तो बांधून घेतला. माझ्या आईनं मला एवढंच विचारलं, "तुलाच द्यायला हवी का गं?"

आबाजी, तुमचा शब्द मी धीट आहे म्हणून मोडत नाही. मला भीती वाटते. तुम्ही म्हणता ते खोटं आहे असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण तो भूत असता तर तिसरी हाक त्यानं मारलीच नसती. आणि माणूस असेल, तर आपल्या नावानं तीनदा बोलावणाऱ्या माणसाला गप्प राहून वाटेला लावायची रीत आपल्याकडे नाही. हे दोन्ही तुम्हीच लहानपणी आम्हाला शिकवलंत.

सत्काराची शाल आम्ही तिघांनी घेतली, चौथी काकींच्या खांद्यावर आहे. बक्षीस ज्या शेवटाला मिळालं, तो शेवट आज तुम्हाला दिसणार नाही, तिसऱ्या हाकेचा दिसेल. जग संपल्यावरही कोणीतरी ओ देतं म्हटल्यावर ते संपलं कुठे, असं परीक्षक विचारतील, आणि त्यांचं बरोबर असेल. त्यांची आम्ही मनापासून क्षमा मागतो.

एक विनंती आहे. पहिल्या हाकांना आणि दुसऱ्या हाकांना सभागृहानं कृपा करून शांत राहावं. कोणाला हुंदका आला तरी आवरावा. तिसऱ्या वेळी तो योगेंद्रला बोलावेल, मग दशरथला. दोघं आपापल्या जागेवरून ओ देतील. माझं नाव शेवटी आहे.

मंडळानं हा सोहळा केला, सभागृह दिलं, चहाची सोय केली, काकी आल्या, आबाजी मनाविरुद्ध का होईना पण आले, या सगळ्यांचे आम्ही ऋणी आहोत. बोलण्यात कमीजास्त झालं असेल, कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर मुलगी समजून पोटात घाला. मात्र माझं नाव पुकारलं गेल्यावर माझा आवाज फुटला नाही, तर ती चूक पोटात घालू नका. मला हाताला धरून उभं करा, आणि ओ द्यायला लावा.

दिवे बंद करायला हरकत नाही.