गोल करवतीपुढे चपला काढा

चपला! चपला तिकडे, त्या पाण्याच्या मोटरीपाशी काढा... हो हो, पार्किंगच आहे हे, देऊळ नाय, मलाही दिसतंय. पण काढा. नायतर वरून आमची बायको सगुणा ओरडेल, आणि ती तुम्हाला नाय, मला बोलेल. पार्किंगमध्ये चपला काढायच्या, काय दिवस आलेत! तुम्हाला सांगतो, मी काय रागीट माणूस नाय. जन्मात कोणावर हात उचलला नाय, बैलालाही "चल रे बाबा" असंच बोलायचो. पण या मशीनपायी माझं डोकं असं तापलंय ना, की त्याच्यावर भाकरी भाजून घ्या.

ही बघा. लांबून बघा, हात लावायचा नाय! ही कटर मशीन. लोखंडी टेबल, मधल्या फटीतून गोल करवत वर येते, लाकूड पुढे ढकलायचं, चर्रकन दोन तुकडे. आमची मिठागरं बंद पडली तेव्हा घेतलेली. तिकडे दिवा स्टेशनला चाळी उठत होत्या, त्यांच्या किती चौकटी हिच्यावर चिरल्या त्याला गणती नाय. मग गुडघे गेले, काम सुटलं, आमच्याच जागेवर पोरगा हर्षितने ही बिल्डिंग उभी केली आणि ही पडली कोपऱ्यात ताडपत्रीखाली, मांजरीची बाळंतपणं काढत.

पडली होती तर पडू दे ना! पण नाय. हर्षितने इलेक्ट्रिकची गाडी घेतली, आणि पोराला गाडीचा चार्जर लावायला साऱ्या पार्किंगमध्ये हाच कोपरा दिसला. "बाबा, हे धूड भंगारात देतो."

"नाय."

"अरे चालते तरी का ती?"

"चालेल."

"दसऱ्यापर्यंत चालली तर ठेव. नाय चालली तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला. बघ बाबा, नंतर रुसायचं नाय."

आता मला ती कशाला पाहिजे, विचारा. मौजेला नाय. आमची एकवीरा आई टीव्हीच्या कपाटात बसते, सेट-टॉप बॉक्सच्या शेजारी. आरती चालू, आणि बाजूला लाल दिवा लुकलुक! सगुणा कधीपासून बोलते, "अवो, जगाच्या चौकटी केल्यात, माझ्या देवीला एक देव्हारा नाय तुमच्याने होत?" जुन्या घराचे सागाचे वासे मी जपून ठेवलेत. ते चिरले की देव्हारा. मशीन गेली तर वासे गेले, वासे गेले तर देव्हारा गेला, आणि सगुणाचं बोलणं तेवढं राहिलं. कळलं?

मग लागलो. गंज घासायला रॉकेल शोधलं तर रॉकेल मिळतंय कुठे आता? डिझेलने घासलं. बेरिंग बदललं, पट्टा बदलला, मोटर रिक्षात घालून दिव्याला वायंडिंग भरायला नेली. टेबल असं चकाकलं की सूनबाई कल्पिताने त्यात बघून टिकली सरळ केली. राहिलं काय? पातं. जुन्याचे अर्धे दात तुटलेले. एक गोल पातं आणायचं, त्यात काय एवढं?

अहो, त्यात काय एवढं!

विठ्ठलवाडीला गेलेलो, स्टेशनजवळच्या दुकानात. तो बोलतो, "चाचा, किस काम के लिए?" मी बोललो, लकडी काटने के लिए. तर हसला! "लकडी तो सब काटते हैं चाचा. प्लाय? सनमायका? एमडीएफ?" अरे, लाकूड! झाडाचं! झाड माहिती आहे ना, उभं असतं ते? मग विचारतो, दात किती आणि मधलं भोक केवढं. आता भोक मी अंगठ्याने मापून गेलेलो. हा अंगठा आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या चालतो, आमच्या आज्याने मिठागराच्या बांधाची दारं याच्यावर बसवली. घेतलं अंगठ्याच्या मापाने, आलो घरी, चढवलं... तर पातं दांड्यावर असं डुलतंय, जसा हळदीला नाचून दमलेला मामा. अंगठा सुजलेला होता हो! आदल्या दिवशी पाना लागलेला, माझ्या ध्यानातच नाय. तो माझा दोष, मी कबूल. पण मी काय रागीट माणूस नाय, शांतपणे परत गेलो, तर तो बोलतो, बिका हुआ माल वापस नहीं.

मग हर्षितने डोकं चालवलं. "बाबा, माजिवड्याला मोठं दुकान आहे, तिकडे सगळं मिळतं." गेलो. एसी असा, की माझे गुडघे तिथेच बसले. भिंतभर पाती लटकवलेली, प्लॅस्टिकमध्ये, दागिने टांगावेत तशी. इस्त्रीच्या शर्टातला एक साहेब आला. "मशीनचा मॉडेल नंबर, सर?" मी बोललो, नंबर नाय, पण आम्ही तिला ठकी बोलतो. तो कॉम्प्युटरमध्ये बघायला गेला. खरंच गेला! आणि येऊन बोलतो, "सर, ही कंपनी आमच्याकडे नाही."

आता रागवू का नको? तुम्हीच सांगा!

घरी आलो तर हर्षितने मोबाईलवरून मागवून ठेवलेलं. खोका उघडला. दात बघतोय तर एवढे बारीक, एवढे दाट, की कंगवा बरा. "बाबा, सगळ्यात जास्त दातांचं घेतलं. बेस्ट क्वालिटी." अरे लेकरा! वासा उभा चिरायचा तर दात थोडे लागतात, मोठे लागतात, मधून भुसा निघायला वाट लागते. जास्त दात म्हणजे जास्त चांगलं असतं, तर लोकांनी मगरीला सुतारकामाला ठेवलं नसतं? कल्पिताने खोक्यावरचं वाचून दाखवलं, "बाबा, हे तर ॲल्युमिनियमच्या खिडक्यांसाठी आहे." तर हर्षित बोलतो, "मग काय झालं, कापतंच ना?" मी काय रागीट माणूस नाय. उठलो, ताडपत्रीवर जाऊन झोपलो.

शेवटी जुनंच पातं गोणपाटात गुंडाळून परत विठ्ठलवाडी. शेअर रिक्षात गोणपाट सुटलं आणि शेजारची बाई किंचाळली! दुकानदारासमोर पातं ठेवलं, बोललो, याची जुळी बहीण दे. दिली. असा सोपा उपाय, आधी का नाय सुचला? कोण सुचू देतं!

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी चढवलं, बटण दाबलं. घूंऽऽऽ! अख्खी बिल्डिंग खाली आली. हर्षितचं तोंड बघायचं होतं. "चालली रे बाबा!" मी वासा उचलला, तर सगुणा, "आता रात झाली, शेजारी काय बोलतील? उद्या."

उद्या दसरा. हत्यारं पुजायची, त्या दिवशी चालवायची नाय, ही आमची रीत, मीच शिकवलेली. पूजा झाली. सगुणाने चकचकीत टेबलावर हळद-कुंकू लावलं, ओलं. लावलं नाय, सारवलं! झेंडूचा हार, आपट्याची पानं, नारळ. मी मनाला बोललो, एक दिवसाचा प्रश्न आहे, धाकू, गप्प बस.

आणि त्याच संध्याकाळी, काय सांगू, नळाला पाणी आलं.

तुम्ही हसताय. या बिल्डिंगमध्ये टँकरशिवाय पाणी माहीत नाय कोणाला. तिसऱ्या मजल्यावर नुसतं शूं व्हायचं नळातून. त्या दिवशी धो धो! पाइप बदलला असेल कुठे, व्हॉल्व उघडला असेल. पण तिसऱ्या मजल्यावरची उत्तरा घागर घेऊन खाली धावत आली, ती थेट मशीनच्या पाया पडली. "पावली गं बाई, पावली!" दुसऱ्या दिवशी पाणी परत आलं. मी वासा घेऊन उभा, बटणावर हात, आणि मागून दहा जण, "आजोबा, नको!" सगळ्यात पुढे कोण? हर्षित! भंगारात घालणारा! "बाबा, वेडा झालास का? पाणी जाईल!"

"अरे, ती करवत आहे!"

"आता तशी नाय राहिली, बाबा."

सगुणाकडे बघितलं. ती बोलली, "खरं सांगू? कपडे घरी धुतले आज, टँकरची वाट न बघता. राहू दे ना."

राहिली. भंगारात गेली नाय, जिंकलो मी. हर्षितचा चार्जर पलीकडच्या खांबाला गेला. हिला रोज अगरबत्ती, हिच्यासमोर चपला काढायच्या, आणि हळद-कुंकवाखाली गंज परत चढतोय, तो घासायला हात लावायचा नाय. काल सोसायटीची मीटिंग झाली. सगळे बोलले, ही मशीनदेवी उघड्यावर बसते, बरं दिसत नाय, वर सागाचं छत्र पाहिजे. "धाकूबाबा सुतार आहेत, वासेही आहेत." मी बोललो, वासे चिरायला मशीन लागेल. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, की मीच खाली बघितलं.

एकवीरा आई अजून सेट-टॉप बॉक्सच्या शेजारीच आहे.

तर ही हातकरवत, हिच्याने आता त्या करवतीचं छत्र करायचं. मी काय रागीट माणूस नाय... तुमच्या चपला काढल्यात ना? मग या इकडे, धरा त्या वाशाचं टोक. घट्ट धरा, मी सावकाश कापतो.