पंजाभर मागे

(दोन-दोन गाड्या सरळ पट्ट्यावर सोडतात त्या शर्यतीच्या मैदानामागची शेड. बॉनेट काढलेली गाडी. तिच्यासमोर हेल्मेट काखेत धरून उभा असलेला धाकटा, म्हणजे गाडी चालवणारा. गाडीखाली पाठीवर झोपून काम करणारी त्याची ताई, गाडी बांधणारी. टायरवर बसलेले दाजी, ताईचे यजमान.)

धाकटा : हात घाला ना दाजी, घाबरता कशाला? इंजिन आणि रेडिएटरच्या मध्ये.

दाजी : घातला बाबा. पुढे?

धाकटा : पंजा गेला की नाही आत?

दाजी : गेला. माझा पंजाच नाजूक आहे.

धाकटा : नाजूक! तुमच्या मापाचा हातमोजा मिळत नाही बाजारात. मागच्या शर्यतीला इथे बोट शिरत नव्हतं. इंजिन मागे सरकलंय.

ताई : इंजिनाला काय पाय फुटलेत? बडबड पुरे. पुढच्या फेरीची तयारी करायचीय.

धाकटा : त्या फेरीला मी बसत नाही. हे कुणी केलं ते कळल्याशिवाय नाही.

दाजी : आँ? अरे, दोन वर्षं राबलो आपण या दिवसासाठी!

धाकटा : म्हणूनच विचारतोय. ताई, तूच शिकवलंस ना मला? आपली गाडी पुढच्या चाकांवर ओढली जाते. सुटताना ती मागे बसते, नाक वर येतं, पुढची चाकं हलकी होतात आणि नुसती फिरतात. म्हणून सगळं वजन नाकात हवं. म्हणून आडवं इंजिन आपण चाकांच्याही पुढे नेलं, नियमात बसेल तेवढं.

ताई : मला नको शिकवूस.

धाकटा : मग ऐक आज काय झालं ते. क्लच सोडला, चाकं जागच्या जागी फिरायला लागली. म्हटलं, आता धरतील. नेहमी धरतात. मी पाय उचललाच नाही. आणि मग धरलं ते एकट्या उजव्या चाकाने. स्टिअरिंग हातातून हिसकलं गेलं. भिंत हातभर राहिली होती, ताई.

ताई : ... पाहिलं मी.

धाकटा : तरी फेरी जिंकलो, कारण शेजारच्याचं इंजिनच बंद पडलं. दरवेळी नाही पडणार. दाजी, तुम्ही आपल्याविरुद्ध उतरलेल्या त्या पिवळ्या गाडीवाल्यांकडे कशाला गेला होतात?

दाजी : चहा प्यायला. त्यांचा चहा बरा असतो. आपल्याकडे तुझी ताई करते तो गिअरबॉक्समध्ये ओतावा असा.

धाकटा : हसण्यावारी नेऊ नका. शेडची किल्ली कुणाकडे असते?

दाजी : माझ्याकडे.

धाकटा : शर्यतीआधी गाडीपाशी कोण झोपतं?

दाजी : मीच. अरे, पण तुला म्हणायचंय काय? स्पष्ट बोल की एकदा.

धाकटा : स्पष्टच सांगतो. त्यांनी तुम्हाला फोडलंय.

ताई : तोंड सांभाळ!

दाजी : राहू दे गं. बोलू दे त्याला. जीव घाबरलाय त्याचा.

धाकटा : घाबरलो नाही मी! घरच्याच माणसावर संशय घ्यावा लागतोय मला. नाही म्हणा ना, दाजी. नुसतं नाही म्हणा, मी माफी मागतो.

दाजी : ... मीच हलवलं.

ताई : अहो!

दाजी : तू काम कर तुझं. हो, मी हलवलं. त्यांचा काही संबंध नाही. मला वाटलं, जरा मागे घेतलं तर गाडी सरळ जाईल. अडाणी माणूस मी, चुकलं.

धाकटा : तुम्ही हलवलंत?

दाजी : म्हटलं ना.

धाकटा : मागचा बोल्ट काढलात?

दाजी : काढल्याशिवाय हलेल का?

धाकटा : कुठून काढलात?

दाजी : वरून. पाना लावला, काढला.

धाकटा : कुठला पाना?

दाजी : ... मोठा.

धाकटा : दाजी, तो बोल्ट वरून दिसतसुद्धा नाही. खालून सायलेन्सरचा पाइप उतरवावा लागतो. आणि पाना ताईने स्वतः वाकवून घेतलाय, दुसऱ्या कुणाला तो लावताही येत नाही. तुम्हाला साधं चाक बदलायचं तरी तुम्ही मला हाक मारता.

दाजी : शिकलो असेन मधल्या काळात.

धाकटा : ताई, बाहेर ये.

ताई : हात काळे आहेत माझे.

धाकटा : बाहेर ये म्हटलं ना.

ताई : आले. काय करणार आहेस? मारणार आहेस का?

धाकटा : तू केलंस.

ताई : केलं. साखळीने उचललं, मागे घेतलं, बसवलं. यांनी बॅटरी धरली होती. हे नको नको म्हणत होते, मीच गप्प बसवलं.

दाजी : आणि बोलायचं नाही अशी शपथ घातली. बायकोची शपथ मोडली तर जेवायला कुठे जाऊ?

धाकटा : पण का? स्वतः बांधलेली गाडी तूच पाडायला निघालीस?

ताई : मागच्या शर्यतीत शेवटी ब्रेक मारलास, आठवतं? सगळं वजन नाकात, शेपूट हलकं. मागची चाकं जमिनीवरून उठली. गाडी आडवी झाली, मग दुसरीकडे आडवी झाली. मी जाळीला धरून उभी होते. तू उतरलास आणि हसत होतास.

धाकटा : सावरली होती मी.

ताई : तू नाही सावरलीस. ती सावरली. मी बांधलीय ती, मला कळतं. भीती वाटली मला, बस्स. आईच्या माघारी तुला मी वाढवलंय ते स्वतःच्या हाताने बांधलेल्या गाडीत घालून मारायला नाही.

धाकटा : मग मला सांगायचं!

ताई : सांगितलं नाही? म्हटलं, इंजिन जरा मागे घेऊ या. काय म्हणालास? ‘म्हातारी झालीस ताई.’ आणि शीळ घालत निघून गेलास.

धाकटा : मस्करी केली मी.

ताई : मी नव्हती केली.

धाकटा : आणि आज? मी जुन्याच गाडीत बसलोय असं समजून क्लच सोडला. मला ठाऊक असतं तर हळू सोडला असता. त्या भिंतीवर मला तूच घालत होतीस, ताई.

ताई : ... हो.

दाजी : अगं, रडू नकोस. अरे, बस कर तूही.

ताई : मी रडत नाहीये. डोळ्यात ग्रीस गेलंय. ऐक, वेळ आहे अजून. दोघं मिळून पुढे घेऊ. तू म्हणशील तिथे बसवते.

धाकटा : नको. मागेच राहू दे.

दाजी : मग हरशील रे.

धाकटा : हरेन कदाचित. पण गाडी कशी आहे हे आता मला ठाऊक आहे. दाजी, मघाशी बोललो ते...

दाजी : कधी बोललास? मला तर काही ऐकू आलं नाही. चल, बस गाडीत.

धाकटा : सीटचे पट्टे तुम्ही आवळा आज.

ताई : दरवेळी मी आवळते.

धाकटा : माहितेय.

दाजी : अरे, तिलाच करू दे की. मला कुठे सवय आहे?

धाकटा : होईल.

ताई : ... अहो, घट्ट आवळा. डावा खांदा दुखतोय म्हणेल तो. ऐकू नका त्याचं.