चार तुकड्यांचं तिकीट

...आणि मला सांगा, बेकरीत मी बावीस वर्षं उभी आहे, अख्खा पाव कधी कापलेल्यापेक्षा महाग पडतो का हो? पण रेल्वेचं सगळं उलटंच! टॉन्टन ते डरहॅम अख्खं तिकीट एकशे अडतीस पौंड! आणि तिकडे माझ्या लेकीची, ब्रायनीची, छकुली चार महिन्यांची झालेली. आजीनं तिला पाहिलंय कुठे? तर फोनच्या काचेत! रविवारी बाप्तिस्मा, केक मी करून ठेवलेला... पण जाणार कशी? केकवर बसून?

तर भलं होवो त्या ट्रेस्कॉटसाहेबांचं! तिकीटखिडकीतले आमच्या. माझा पडलेला चेहरा बघून म्हणाले, "थांबा डनिंगबाई, तोडून बघू." मी घाबरलेच, काय तोडताय? "तिकीट हो! चेल्टनमपर्यंत एक, डार्बीपर्यंत दुसरं, मग यॉर्क, मग डरहॅम. गाडी तीच, उतरायचं नाही. एकसष्ट पौंड." म्हटलं, अहो, असं कसं? तर म्हणाले, "प्रत्येक टप्प्याचा भाव वेगळ्या माणसानं ठरवलाय, आणि ती माणसं एकमेकांशी बोलत नाहीत." म्हणजे आमच्या भावकीसारखंच की!

फक्त तुम्हाला सांगते, एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती... चार तिकिटं म्हणजे चार राखीव जागा! चेल्टनम आलं, निघाले मी बॅग, छत्री, केकचा डबा घेऊन दुसऱ्या डब्यात. निम्मी गाडी रिकामी! पण कागदावर जागा चौदा म्हणजे चौदा, नाही का? आणि चौदावर एक आजोबा शब्दकोडं सोडवत बसलेले. "माफ करा हं, सावकाश उठा... नाही उठलात तरी चालेल, पण ही जागा बहुधा..." "अरेरे, माझंच चुकलं!" "छे छे, माझंच!" असं आमचं पार ब्रॉम्सग्रोव्हपर्यंत! म्हाताऱ्या माणसाला उठवलं, जिवाला लागलं माझ्या. उघडला डबा, दिला केकचा तुकडा. शेजारची बाई बघत होती, तिलाही.

डार्बीला माझ्या जागेवर आई आणि तीन पोरं. चार तुकडे! यॉर्कला? होड्या वल्हवणाऱ्या मुलींचा अख्खा संघ! "आज्जी, बसा ना, बसा!" अशा गोड... नऊ जणी हो! आणि भूक म्हणजे काय!

पण भलं होवो त्या ट्रेस्कॉटसाहेबांचं! डरहॅमला उतरले आणि ब्रायनीनं छकुली माझ्या हातांत दिली. ऊबदार, जड, दुधाच्या वासाची... माझं बोट धरलं तिनं आणि सोडीचना. मला बोलताच येईना. मला! विश्वास बसतो?

मग ब्रायनीनं डबा उघडला. आत केकवर बसवलेला साखरेचा बगळा, एकटाच.

"आई... केक?"

"अगं, तिकीट स्वस्तात मिळालं ना!"

प्लॅटफॉर्मवर बसून हसली पोरगी, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. रात्री दोघींनी मिळून दुसरा केला, तो मात्र चर्चपर्यंत अख्खा पोचला.

आता उद्या परत निघायचंय. भलं होवो त्या ट्रेस्कॉटसाहेबांचं, परतीचं तिकीट त्यांनी आणखी स्वस्तात बसवलंय...

पाच तुकड्यांत. ब्रायनीला म्हटलं, भट्टी पेटव बाई.