गाडीचं फाउंडेशन

हसू नका बायांनो, चूक मिस्त्रीचीच होती. पोराची जुनी डिझेल गाडी अशी थरथरे, की मागच्या खेपेले माही कवळी मांडीवर पडली. पोरगा म्हणे, "माय, थरथर थांबली तरच तुले जळगाव जामोदच्या लग्नाले नेतो." लग्न माह्या भावाच्या नातीचं!

गाडी गॅरेजात टाकली, तं मिस्त्रीचा फोन. "आजी, गाडीचं फाउंडेशन गेलं. नवं पाठवा."

घरात फाउंडेशन एकच, सुनेचं, तोंडाले लावाचं. तेच धाडलं.

सांजच्याले मिस्त्री गाडी अन् शिशी घेऊन हजर. "आजी, फाउंडेशन म्हणजे इंजिनाखालचं रबर हो!"

"मंग हे लावून पाह्यलं का नाही?"

"लावलं. इंजिन गोरं झालं, थरथर तशीच हाय."

पोरगा हसता हसता म्हणे, "चाल माय, बस गाडीत."

कवळी म्या पदराच्या गाठीत बांधली. तसंही शिशी रिकामी झाल्यापासून सून कुठं बोलून राह्यली होती माह्याशी!